गल्लीचा पैसा आणि गावाचे मत

दत्तजयंतीला माणिकनगर गाठणारी आणि पौर्णिमेला गाणगापूरच्या संगमावर स्नानाला जाणारी मंडळी आपल्या कोल्हापूरच्या पेठांतून घरोघर आहेत. अक्कलकोट मागे पडले की रस्त्यावरच्या पाट्यांची लिपी बदलते. चहाच्या टपरीवरची बोली मात्र कितीतरी मैल तीच राहते. उमरग्याहून हुमनाबादेकडे निघालेल्या माणसालाही हाच अनुभव येतो. पाटी कानडी, पाटीखाली बसलेल्या म्हाताऱ्याचे बोलणे मराठी, आणि त्याला तपकीर देणाऱ्या शेजाऱ्याचे दखनी. आपण देवळापर्यंत जातो, पालखी पाहतो, भजन ऐकतो आणि प्रसादाची पुडी पदराला बांधून परततो. ज्या गावांतून हा रस्ता जातो, त्या गावांत पाणी कुठून येते, गटार कोण बांधतो, खांबावरचा दिवा कुणाच्या सांगण्यावरून लागतो, हे प्रश्न यात्रेकरूच्या मनात सहसा येत नाहीत. आजचा लेख त्या प्रश्नांविषयी आहे.

संगीताच्या मास्तराने गटार आणि नळ यांवर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की चारचौघांत बसावे, आपले म्हणणे मांडावे, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे आणि जे ठरेल ते पाळावे, ही रीत ज्या समाजात नाही त्याच्या इतर कलांना फारसा अर्थ उरत नाही. आमचे वडील दरबारी गवई. दरबारात कोणता राग गायचा हे ऐकणाऱ्यांपैकी एकच माणूस ठरवीत असे. तो माणूस जाणता असला की गाणे रंगे. नसला की गवयाने नशिबाला बोल लावावा. तळी, रस्ते आणि शाळा यांचेही तसेच होते. आपल्याला शाहू महाराजांसारखा राजा लाभला, त्याने राधानगरीच्या धरणाचा घाट घातला, वसतिगृहे उभारली. परंतु जाणता राजा मिळणे हा योगायोग. त्यावर गावाच्या पाण्याची भिस्त ठेवता येत नाही. आता राजे गेले, मैफलीचे तिकीट निघाले, आणि गावच्या पैशाचे काय करायचे हे गावाने ठरवावे असा कायदा झाला. तो कायदा सरहद्दीच्या गावांत कसा चालतो, हे पाहण्याजोगे आहे.

एका जिल्ह्याचे दोन भाग

बीदर आणि कलबुर्गी (२०१४ पर्यंत हिचे सरकारी नाव गुलबर्गा होते) हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठवाड्यात राहिले. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद हे म्हैसूर राज्यात गेले. नकाशावर रेघ ओढायला पेन्सिल पुरते. घरांत तशी रेघ ओढता येत नाही. सासर निलंग्याला आणि माहेर भालकीला अशा बायका तिथे गल्लोगल्ली आहेत. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हा सारा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, आणि त्यात कोणाची बाजू खरी हे सांगण्याचा इथे विचार नाही. सांगायचा मुद्दा एवढाच, की राज्य कोणतेही असो, सकाळी हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला पाणी आजच लागते.

१९९२ साली राज्यघटनेत ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती झाली. पहिली खेड्यांसाठी, ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. दुसरी शहरांसाठी, ती त्याच वर्षी १ जूनपासून. ग्रामसभा ही गोष्ट त्या दिवसापासून घटनेत आली. पण घटना एक असली तरी सरहद्दीच्या दोन बाजूंना कायदे दोन आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार आहेत, कर्नाटकात सुमारे सहा हजार. २०११ च्या शिरगणतीतली ग्रामीण लोकसंख्या घेऊन भागाकार केला, तर आपल्याकडे एका पंचायतीमागे सरासरी बावीसशे माणसे येतात, तिकडे सहा हजारांवर. म्हणजे आपल्याकडे बहुधा गाव तिथे पंचायत. तिकडे चार-पाच गावे, दोन वाड्या आणि एखादा तांडा मिळून एक पंचायत. दर चारशे माणसांमागे तिथे एक सदस्य असतो.

यातूनच तिकडे प्रभागसभेला फार महत्त्व आले. सहा हजार माणसांची ग्रामसभा भरली तर वाडीच्या माणसाला पाच मैल चालून जावे लागेल, आणि गेला तरी त्याचा आवाज मोठ्या गावाच्या गलक्यात बुडेल. म्हणून कर्नाटकच्या कायद्याने ग्रामसभेच्या खाली प्रत्येक प्रभागाची सभा ठेवली. कोणती कामे हवीत हे सुचवायचे, त्यांचा क्रम लावायचा, सरकारी योजनांचे लाभार्थी कोण हे सांगायचे, ही या सभेची कामे. तिथून यादी ग्रामसभेत जाते, आणि तिथून पंचायतीच्या वर्षाच्या आराखड्यात. २०१८ पासून तर केंद्र सरकारने २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर हा काळच देशभर गावांच्या आराखड्यांसाठी मुक्रर केला.

पैसा किती आणि मोकळा किती, हेही समजून घेतले पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी पंचायतींना जे अनुदान दिले, त्यातले रुपयातले साठ पैसे पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेले होते. उरलेल्या चाळीस पैशांत रस्ता, दिवा, सभामंडप, शाळेचे कुंपण, जे गावाला वाटेल ते. तेव्हा गावाचे मत म्हणजे काही साऱ्या खजिन्याची किल्ली नव्हे. पण चाळीस पैसे का होईना, त्यांवर बोलण्याचा हक्क ज्यांच्या आजोबांना कधीच नव्हता त्यांना तो मिळाला, ही लहान गोष्ट नाही.

पारावरची सभा

मागे एकदा माणिकनगरहून परतताना भालकी तालुक्यातल्या एका खेड्यात, एका विद्यार्थिनीच्या आजोळी, मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी तिथे प्रभागसभा होती. मारुतीच्या पारावर सतरंजी, पंचायतीचे विकास अधिकारी (त्यांना सारे गाव 'पीडीओसाहेब' म्हणते) खुर्चीवर, पुरुष सतरंजीवर आणि बायका पलीकडे ओट्याच्या कडेला. साहेबांनी कानडीतून यादी वाचली. शाळेचे एक वयस्क मास्तर तिचा मराठीत अर्थ सांगत होते. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते, पण ते नेहमी सांगतात असे दिसले.

कामे तीन होती. पहिले, मुख्य गल्लीचा सिमेंटचा रस्ता. दुसरे, देवळापुढचा मांडव. तिसरे, ओढ्यापलीकडच्या अकरा घरांपर्यंत नळाची पाइप. पैसा एकाच कामापुरता. साहेबांनी हात वर करायला सांगितले. रस्त्याला पन्नासाच्या आसपास हात, मांडवाला वीसेक, पाइपला चार. चारही हात म्हाताऱ्यांचे.

त्यांतली एक आजी उठून उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, साहेबास्नी सांगा, आमची पोरं, सुना समदी कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेल्यात. दिवाळीला गेली ती पाडव्याला येणार. हात कुणी वर करावा?"

साहेब मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "आज्जी, हजर आहेत त्यांचीच मोजणी करावी लागते. मला दुसरा मार्ग नाही." आणि ते खरेही होते. रस्त्याचा ठराव बहुमताने पास झाला. मास्तरांनी हट्ट धरला म्हणून वहीत एक ओळ वाढली, की पाइपचे काम पुढील वर्षी प्राधान्याने घ्यावे.

त्या सभेत काही बेकायदा झाले नाही. सूचना लागली होती, माणसे जमली होती, हात मोजले गेले, वही लिहिली गेली. रस्ता मागणाऱ्यांचेही चुकले नाही. पावसाळ्यात त्या गल्लीतून बाळंतिणीला उचलून न्यावे लागते, असे तिथल्या एका माणसाने सांगितले. आणि तरीही ज्या अकरा घरांना पाण्याची गरज सर्वांत मोठी, तीच घरे मोजणीच्या दिवशी रिकामी होती. कारण ती माणसे आपल्या पंचगंगेच्या काठी उसाच्या फडात कोयता चालवीत होती. आपल्याकडे साखरेचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन चैत्राच्या आसपास संपतो. आणि देशभर गावांच्या आराखड्यांचा काळ ठरला आहे ऑक्टोबर ते डिसेंबर! ही सांगड कोणी मुद्दाम घातली नसेल. पण तिची झळ कोणाला लागते, हे उघड आहे.

मत आणि गरज

गावच्या पैशावर गावाने मत द्यावे, ही कल्पना आज जगभर पसरली आहे. तिचे जे उदाहरण सगळे देतात ते ब्राझील देशातल्या पोर्तो अलेग्रे या शहराचे. १९८९ साली तिथल्या महापालिकेने शहराचे विभाग पाडले आणि प्रत्येक विभागातल्या रहिवाशांना सभेत बोलावून विचारले, की आधी काय करू? झोपडपट्टीतली माणसे रात्री कामावरून आल्यावर सभांना बसू लागली. १९८८ साली तिथल्या शंभरांतील ७५ घरांना पाणी आणि मलनिस्सारण यांची सोय होती. १९९७ पर्यंत ती ९८ घरांना झाली.

या यशामागे नुसते हात मोजणे नव्हते, हे मात्र फार थोडे लोक सांगतात. तिथे पैसा वाटताना तीन गोष्टी एकत्र धरीत: विभागाने कोणत्या कामाला अग्रक्रम दिला, विभागाची वस्ती किती, आणि ती सोय त्या विभागात आज किती कमी आहे. ज्याच्याकडे गटारच नाही त्याच्या मागणीला, ज्याच्याकडे गटार आहे पण जुने झाले आहे त्याच्या मागणीपेक्षा जास्त गुण. म्हणजे मताला मान होता, पण गरजेलाही तराजूत जागा होती. पुढे राज्यकर्ते बदलले, उत्साह ओसरला, आणि २०१७ साली तो प्रयोग तिथेच थांबविण्यात आला. ज्याने जगाला शिकविले त्याच्याच घरी दिवा विझला. कायद्याने बांधलेली नसेल ती चांगली चाल राज्यकर्त्याच्या मर्जीवर जगते, हा धडा त्यातून घ्यावा.

आपल्याकडे केरळने १९९६ साली याहून मोठी उडी घेतली. राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के पैसा पंचायती व नगरपालिका यांच्या हाती देऊन टाकला आणि ग्रामसभांना आराखडे करायला बसविले. पुण्याच्या महापालिकेने २००६ साली नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागविण्याची पद्धत सुरू केली. पाच लाख रुपयांपर्यंतचे काम सुचवायचे, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा. पदपथ, दिवे, बाके, स्वच्छतागृहे अशी पुष्कळ कामे त्यातून झाली. परंतु तो अर्ज आहे, मत नव्हे. अर्ज भरायला फुरसत लागते, लिहिता यावे लागते, कार्यालय कुठे आहे हे ठाऊक असावे लागते. आणि शेवटचा शब्द प्रभाग समितीचा व अधिकाऱ्यांचा. शिवाय महापालिकेच्या साऱ्या अंदाजपत्रकात या कामांचा वाटा अगदी चिमूटभर. न्यूयॉर्क शहरातल्या काही प्रभागांत २०११ पासून रहिवासी अशा कामांसाठी प्रत्यक्ष मत देत आले आहेत. तिथे मतपत्रिका अनेक भाषांत छापतात, आणि त्या देशाचे नागरिकत्व नसलेल्या रहिवाशालाही मत असते. जो त्या रस्त्यावर राहतो त्याला त्या रस्त्याविषयी विचारावे, इतका साधा हिशेब. भालकीच्या पारावरचे मास्तर जे काम बिनपगारी करतात, ते काम तिथे छापखाना करतो.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने वेगळी वाट धरली. तिथे हात मोजतच नाहीत. सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलत राहायचे, एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचे आणि त्याचे ऐकायचे. या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो या रीतीच्या बळावर. पण पाचशेच्या आतबाहेर माणसांच्या, एका जमातीच्या गावाला जे साधते, ते पाच जाती, तीन भाषा आणि दोन राजकीय पक्ष असलेल्या सहा हजारांच्या पंचायतीला जसेच्या तसे साधेल असे नाही. त्यातून घेण्यासारखे एकच: मोजणीपूर्वी ऐकणे.

ही माती अनोळखी नाही

हे सारे परदेशी वा परप्रांतीय खूळ आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आपल्या शेजारच्या औंध संस्थानाची आठवण करावी. संगीताच्या मंडळींना औंध ठाऊक आहे ते अंतूबुवा जोशी यांच्यामुळे आणि तिथल्या संगीत महोत्सवामुळे. शाळकरी मुलांना सूर्यनमस्कारांमुळे. पण त्याच औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ ला, गांधीजींच्या सल्ल्याने, आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना जाहीर केली. तिचा पाया गावची पंचायत हा होता. शाळा, पाणी, रस्ते, लहानसहान तंटे हे पंचायतीने पाहायचे, आणि त्यासाठी महसुलातला वाटा गावाकडे यायचा. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन हे इंजिनिअर गावोगाव फिरत होते. संस्थान लहान, ७२ गावांचे, आणि तेही सलग नव्हते. औंध, कुंडल आणि आटपाडी हे तालुके मराठी, तर चौथा गुणदाळ हा विजापूरकडचा, कानडी मुलखातला. म्हणजे दोन भाषांच्या गावांना एकच हक्क देण्याचा प्रयोग स्वातंत्र्याच्या आठ वर्षे आधी आपल्या अंगणात होऊन गेला. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि तो प्रयोग तिथेच राहिला.

त्याच्याही फार मागे जायचे तर बसवकल्याणला जावे लागेल. बाराव्या शतकात बसवण्णांच्या भोवती शरणांची जी मांदियाळी जमली, तिच्या अनुभवमंटपात परीट माचय्या होता, नावाडी चौडय्या होता, अक्कमहादेवी होती, आणि अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू, अशी परंपरा सांगते. तिथे पाइप आणि रस्ते ठरत नव्हते, हे खरे. पण कोणी बोलायचे याला जात आणि धंदा आड येत नव्हते. आज त्याच बसवकल्याण तालुक्यात प्रभागसभा भरतात. माणिकनगरही तिथून दूर नाही. माणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) मराठी, कानडी, हिंदी अशा अनेक भाषांतून पदे रचली, आणि त्यांच्या दरबारात गवई कुठला, कोणत्या धर्माचा, हे कोणी विचारीत नसे. एका बैठकीत तीन भाषा नांदू शकतात, हे त्या मातीला शिकवावे लागत नाही. पंचायतीच्या सूचनाफलकाला मात्र अजून शिकवावे लागेल.

तालुक्याला न्याय, गल्लीला का नाही?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गरजेला वजन द्यावे, हे तत्त्व कर्नाटक सरकारला नवे नाही. प्रा. नंजुंडप्पा यांच्या समितीने २००२ साली अहवाल दिला. त्यांनी राज्यातल्या तेव्हाच्या १७५ तालुक्यांचा मागासलेपणा मोजला, त्यांपैकी ११४ मागास ठरविले, आणि त्यांतही ३९ अतिमागास. या ३९ पैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागात निघाले. हा आकडा डोळ्यांत अंजन घालणारा होता. पुढे घटनेच्या ९८ व्या दुरुस्तीने ३७१ (जे) हे कलम आले, ते २०१३ च्या ऑक्टोबरपासून अमलात आले, आणि या भागासाठी वेगळे विकास मंडळ स्थापन झाले. २०१९ साली भागाचे 'हैदराबाद कर्नाटक' हे नाव बदलून 'कल्याण कर्नाटक' झाले. मंडळाचा पैसाही वाढत गेला. २०२३–२४ च्या अंदाजपत्रकात पाच हजार कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. आणि तो पैसा तालुक्यांत वाटताना नंजुंडप्पांचा निर्देशांक आधाराला घेतात: जो जास्त मागे, त्याला जास्त वाटा.

म्हणजे बंगळूरहून औरादकडे पाहताना सरकार गरज मोजते. तालुक्याची वेस ओलांडून पैसा गावात शिरला, की गरज मोजणे संपते आणि हात मोजणे सुरू होते. तालुक्याला जो न्याय लावला तो गल्लीला लावायला कोणाची ना आहे? मागासलेला भाग म्हणून ज्या जिल्ह्याने साऱ्या राज्यापुढे हात पसरला आणि योग्यच केले, त्याच जिल्ह्यातल्या गावाने आपल्या ओढ्यापलीकडच्या अकरा घरांना संख्याबळाचा हिशेब सांगावा, हे विसंगत आहे. आणि हा दोष एकट्या बीदरचा किंवा कर्नाटकाचा नाही. आपल्या बाजूच्या गावांत ग्रामसभा वर्षातून निदान चार होतात, त्याआधी बायकांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. तरीही घरकुलांची यादी असेल तर पार भरतो आणि पाण्याचा विषय असेल तर गणपूर्तीसाठी माणसे बोलावून आणावी लागतात, हे कोणता सरपंच नाकारील?

उपाय अवघड नाहीत, आणि त्यांतले बहुतेक बिनखर्चाचे आहेत. ज्या गावातली माणसे ऊसतोडीला जातात, त्या गावाने कामांचा क्रम ठरविणारी सभा वैशाखात किंवा ज्येष्ठात, माणसे घरी असताना घ्यावी. ऑक्टोबरात तीच यादी पुढे पाठवावी. कानडी ही राज्याची भाषा, तिच्यात कागद असावेतच. पण वाचन मात्र ऐकणाऱ्याच्या भाषेत व्हावे, आणि ते एखाद्या मास्तराच्या भलेपणावर सोडू नये. मत घेण्यापूर्वी प्रत्येक कामापुढे ती सोय आज नसलेली घरे किती हे लिहावे. आणि नव्या कामांची यादी वाचण्याआधी गेल्या वर्षीच्या ठरावांचे काय झाले ते वाचून दाखवावे. हा शेवटचा उपाय सर्वांत कडू आहे, म्हणूनच सर्वांत गुणकारी.

आणि आपण?

कोल्हापूरकरांनी हे वाचून 'बिचारी सरहद्दीची गावे' म्हणून सुस्कारा टाकू नये. आपल्याच महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली आणि पुढची कित्येक वर्षे शहराचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. बीदरच्या वाडीत निदान हात वर करायला कोणी सांगत होते. आपल्या पेठेत त्या काळात कोणी विचारायलाही आले नाही, आणि आपणही फारसे विचारले नाही. आपल्या तालमी गणपतीच्या मिरवणुकीचा पै-पैचा हिशेब तोंडपाठ सांगतात. पेठेतल्या कोणत्या गल्लीचे गटार उघडे आहे, त्यावर किती पैसा मंजूर झाला, किती लागला, हा हिशेब ठेवायला त्यांनाच कोणी सांगितले, तर तो तितकाच चोख राहील, यात मला शंका नाही. जमायची सवय आपल्याला आहे. विषय तेवढा बदलायचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. हंगामात आपल्या कारखान्यांच्या आसपास, रानाच्या कडेला, पाचटाच्या खोप्या उभ्या राहतात. त्यांत राहणारी माणसे कुठून आली, हे आपण विचारीत नाही. 'तोडकरी' एवढे एक नाव पुरते. त्यांतली काही भालकीची असतात, काही आळंदची, काही बीड आणि उस्मानाबादेकडची (तो जिल्हा आता धाराशिव). इथे त्यांना मत नाही, कारण ती इथली रहिवासी नव्हेत. आणि तिथे त्यांचे मत मोजले जात नाही, कारण ती त्या दिवशी तिथे नसतात. पाणी मात्र त्यांना दोन्ही ठिकाणी लागते. ज्यांच्या कष्टावर आपली साखर आणि आपली सहकारी श्रीमंती उभी आहे, त्यांच्या खोप्यांपर्यंत एक नळ न्यावा असे आपल्या एखाद्या गावाने आपल्या ग्रामसभेत ठरविले, तर ते कायद्याने बंधनकारक नसेल, पण शोभून दिसेल.

हात मोजण्याची रीत वाईट नाही. एकाच्या मर्जीने गाणे ठरण्यापेक्षा ती शतपटीने बरी, हे दरबार जवळून पाहिलेल्या घरातला माणूस म्हणून मी सांगू शकतो. तिच्यात एक उणीव आहे, ती भरून काढावी. ठरावाच्या वहीत 'बाजूने' आणि 'विरुद्ध' असे दोन रकाने असतात. त्यांच्या शेजारी तिसरा आखावा, 'गैरहजर घरे आणि कारण'. एका रेघेची शाई, तिला कोणाच्या मंजुरीची गरज पडू नये.